एका शिवाराची वर्षभराची नोंद: खानदेशात बेडूक, फुलपाखरं आणि पाखरं कशी पाहावीत

खानदेश म्हटलं की मे महिन्यातलं भुसावळचं ऊन, कपाशीची काळी रानं आणि रावेर-यावलच्या केळीच्या बागा डोळ्यांपुढे येतात. बेडूक आणि फुलपाखरं पाहायची तर कोकणात जावं, नाहीतर थेट अंदमान गाठावं, असा समज इथल्या पुष्कळ घरांत आहे. खरं तर शिकायला सुरुवात करणाऱ्यासाठी आपला कोरडा मुलूखच जास्त सोयीचा आहे. सदाहरित बेटावर बाराही महिने ओल असते, त्यामुळे सगळं एकदम अंगावर येतं. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांचा, तोही खंड पाडत येणारा. त्यामुळे प्रत्येक जिवाला आपलं काम ठरलेल्या वेळात उरकावं लागतं. जूनच्या पहिल्या जोरदार पावसात बेडूक, पोळा-गणपतीपासून दिवाळीपर्यंत फुलपाखरं, थंडी पडली की पाहुणे पक्षी. एकेक विषय पाळीने समोर येतो आणि दुसरा येईपर्यंत पहिल्याचा अभ्यास होतो.

म्हणून माझं सांगणं असं आहे की, दहा ठिकाणं फिरू नका. एकच शिवार निवडा, वर्षभर त्याच वाटेने चाला आणि जे दिसेल-ऐकू येईल ते लिहून ठेवा. ते कसं करायचं, हे पुढे क्रमाने सांगतो.

जागा आणि वाट ठरवणं

जागा घरापासून जवळ हवी, म्हणजे कंटाळा आला तरी जाणं होईल. गावाबाहेरचा नाला, पाझर तलाव, मळ्यातली विहीर, गावठाणामागची पडीक जमीन, काहीही चालेल. फक्त चार गोष्टी त्यात आहेत का ते बघा. पाणी हवं, मग ते पावसाळ्यापुरतं साचणारं डबकं असलं तरी हरकत नाही. दोन-चार जुनी झाडं हवीत: निंब, वड, चिंच, बाभूळ. रुई, टाकळा, घोळ, खुळखुळा असलं ‘तण’ वाढू दिलेला बांध हवा. आणि गवताचा थोडा मोकळा तुकडा हवा. कपाशीला कपाशी लागून असलेलं, बांध तासून साफ केलेलं रान निवडलंत तर महिनाभरात हिरमोड होईल.

वाट अशी आखा की सावकाश चालत, थांबत एका तासात फेरी पूर्ण व्हावी. वहीच्या पहिल्या पानावर तिचा हाताने काढलेला नकाशा हवा. त्यात विहीर, डबकं, मोठी झाडं, रुईची झुडपं आणि विजेचे खांब दाखवा. झाडांना नंबर द्या. पुढे ‘चिंच क्र. २ च्या ढोलीत पिंगळ्याची जोडी’ एवढं लिहिलं की पुरतं.

शेत दुसऱ्याचं असेल तर आधी मालकाला भेटा. “आबा, पाखरांची नोंद करतोय, सकाळी विहिरीकडून एक चक्कर मारली तर चालेल का?” असं विचारलं तर खानदेशात सहसा नाही म्हणत नाहीत, उलट चहाला बसवतात. सालदाराशीही ओळख ठेवा. रात्री पाणी भरायला तोच शेतात असतो, त्यामुळे कोणता आवाज कुठून येतो हे त्याला मालकापेक्षा जास्त ठाऊक असतं. त्याच्याकडून आणखी दोन गोष्टी कळतात. फवारणी कधी झाली, कारण त्या रानात दोन-तीन दिवस जाऊ नये. आणि रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत वीज सोडली आहे का. या तारांनी माणसं मेली आहेत. विचारल्याशिवाय अंधारात कोणत्याही बांधावर चढू नका.

सामान

शंभर पानी वही आणि पेन्सिल पुरते, कारण पावसात पेनची शाई पसरते. दुर्बीण घ्यायची असेल तर ८×४२ ची घ्या. आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. भिंग मोठं असलं की पहाटेच्या अंधुक उजेडातही चित्र स्वच्छ दिसतं. जास्त पटीची दुर्बीण हातात थरथरते, नवख्याने तिच्या नादी लागू नये. फुलपाखरांसाठी दोन मीटरवरही स्पष्ट दिसेल अशी दुर्बीण मिळाली तर उत्तम. पावसाळ्यात गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि चांगली बॅटरी यांच्याशिवाय बाहेर पडायचं नाही. घोणस, नाग, मण्यार, फुरसं हे चारही विषारी साप आपल्याकडे आहेत आणि बेडूक निघतात त्याच रात्री तेही निघतात. कॅमेरा नसला तरी अडत नाही. फोनवर आवाज नोंदवता आला की बेडकांचं अर्धं काम होतं.

पहिला टप्पा: जून-जुलै, बेडकांच्या रात्री

सुरुवात बेडकांपासून करा. बहुतेक लोक पक्ष्यांपासून सुरुवात करतात आणि बेडकांपर्यंत पोचतच नाहीत. शिवाय बेडकांचा हंगाम थोडका असतो. पहिल्या मोठ्या पावसाच्या दोन-चार रात्री चुकल्या की वर्ष गेलं.

मृगाचे शिंतोडे पडले म्हणून लगेच धावू नका. नांगरलेल्या रानात सऱ्यांमधून पाणी उभं राहील असा पाऊस व्हायला हवा. तसा पाऊस झाला की त्याच रात्री आठनंतर निघा. एकट्याने जाऊ नका. गिरणा पट्ट्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्याचा वावर असतो, तिथे तर तिघे-चौघे असल्याशिवाय नाहीच. डबक्यापासून वीस पावलं अलीकडे थांबा, बॅटरी विझवा आणि पाच मिनिटं नुसतं ऐका. आधी सगळा एकच गोंगाट वाटतो. मग एकेक आवाज सुटा व्हायला लागतो. तेव्हा फोनवर एक मिनिटाची नोंद घ्या आणि तारीख, वेळ, जागा तोंडाने बोलून तिच्यातच ठेवा. उजेड त्यानंतर.

आपल्या सपाटीवर कोण भेटेल? सगळ्यांत मोठा आवाज असतो तो मोठ्या रानबेडकाचा, इंडियन बुलफ्रॉगचा. एरवी हा मातकट हिरवा, पाठीवर लांब घड्या असलेला असतो. पण पहिल्या पावसात नर हळदीसारखा पिवळाधमक होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना गर्द निळ्या स्वरपिशव्या फुगतात. हा रंग मादीला बोलावण्यापुरता असतो, काही दिवसांत उतरतो. सकाळीही हे नर उथळ पाण्यात डरावत बसलेले दिसतात, त्यामुळे मुलांना दाखवायला हाच सोयीचा. याच बेडकाच्या तंगड्या एकेकाळी परदेशी जायच्या. ती निर्यात १९८७ मध्ये बंद झाली.

वर्षभर विहिरीत, हौदात दिसणारा तो स्किटरिंग फ्रॉग. नुसते डोळे वर काढून पाण्यावर तरंगत असतो आणि चाहूल लागताच पाण्याच्या पृष्ठभागावरून टप्पे घेत पळतो. दुसरा कोणताही बेडूक असा पळत नाही, त्यामुळे ओळखायला चूक होत नाही. भेक सगळ्यांना माहीत आहे: खरखरीत अंग, डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी. त्या ग्रंथींत विष असतं, पण ते त्याला तोंडात धरणाऱ्या कुत्र्या-मांजरांसाठी. नुसत्या स्पर्शाने माणसाच्या अंगावर मस्से येतात, ही समजूत मात्र अगदी चुकीची आहे.

अंगठ्याच्या पेरापेक्षा फार मोठा नसलेला, पाठीवर गडद नक्षी असलेला, टोकदार तोंडाचा एक छोटा बेडूक आहे, मायक्रोहायला. त्याचा आवाज कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्यासारखा येतो. एवढासा जीव, पण आवाजावरून पायलीभर मोठा वाटतो. त्याचे डिंभ, म्हणजे पाण्यात पोहणारी शेपटीवाली पिल्लं, जवळजवळ पारदर्शक असतात. डबक्यातलं पाणी पांढऱ्या वाटीत घेऊन बघा, काळे ठिपके पोहताना दिसतील. ते त्यांचे डोळे. पाहून झालं की पाणी होतं तिथेच ओता.

मला सर्वांत जास्त नवल वाटतं ते बिळं करणाऱ्या बेडकाचं. गोल, गुबगुबीत, आखूड पायांचा. याच्या मागच्या पायाच्या तळव्याला फावड्यासारखी एक कठीण गाठ असते. तिने माती उकरत तो मागच्या मागे जमिनीत उतरतो आणि कोरडे महिने आत काढतो. मे महिन्यात जमीन भेगाळून वर पंचेचाळीस अंश तापत असते, तेव्हा हा खाली ओलीत बसलेला असतो. काळ्या जड मातीपेक्षा नदीकाठच्या भुसभुशीत मातीत तो जास्त सापडतो. तापी, पांझरा, गिरणा यांच्या काठची गावं असतील त्यांनी याच्यावर विशेष लक्ष ठेवावं.

घराच्या भिंतीवर, न्हाणीघरात, कुंडीमागे चिकटून बसणारा तो झाडबेडूक. बोटांच्या टोकांना गोल चकत्या असतात. पाण्याच्या टाकीच्या कडेला किंवा डबक्यावर लोंबणाऱ्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा दिसला तर तो धुऊन टाकू नका. मादी पायांनी घुसळून तो फेस करते आणि आत अंडी असतात. पिल्लं फेसातून सुटून खाली पाण्यात पडतात. गोळ्याखाली पाणी आहे ना, एवढंच बघा.

अंडी पाहूनही काही ओळख पटते. भेकाची अंडी पाणवनस्पतींना गुंडाळलेल्या लांब जेलीच्या दोऱ्यांत असतात. मायक्रोहायलाची पाण्यावर पातळ थरासारखी पसरतात.

दोन पथ्यं पाळा. बेडूक हातात धरू नका. त्याची कातडी पाणी आणि हवा दोन्ही शोषते आणि आपल्या हातावरचं मच्छरांचं मलम किंवा औषधाचा अंश तिच्यातून थेट आत जातो. आणि ओळख पटली नाही तर जबरदस्तीने नाव चिकटवू नका. शेतात सगळीकडे उड्या मारणारे लहान, करडे, कधी पाठीवर फिकी रेघ असलेले बेडूक मिनर्वार्या गटातले असतात. त्यांच्या जाती एकमेकींसारख्या इतक्या आहेत की अभ्यासकही नुसत्या फोटोवरून सांगायचं टाळतात. वहीत ‘मिनर्वार्या, जात ठरली नाही’ असं लिहा. ती नोंद पूर्ण आणि खरी आहे.

दुसरा टप्पा: ऑगस्ट ते ऑक्टोबर, आधी झाड मग फुलपाखरू

फुलपाखरांच्या मागे पळून ती कळत नाहीत. प्रत्येक जातीची अळी ठरावीक झाडांचीच पानं खाते, त्यामुळे झाड ओळखता आलं की फुलपाखरू आपोआप सापडतं. खानदेशातल्या शेतकरी घरातल्या माणसाला झाडं आधीच ओळखीची असतात, निम्मा अभ्यास झालेलाच असतो.

बांधावरच्या रुईपाशी थांबा. तिथे केशरी पंखांचं, काळ्या-पांढऱ्या टोकांचं प्लेन टायगर भेटेल. पानं उलटून पाहा: काळे-पांढरे-पिवळे पट्टे आणि लांब मऊ शिंगं असलेली अळी दिसेल. रुईच्या चिकातलं विष ती अंगात साठवते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत आणि पुढे फुलपाखराच्याही. याचा फायदा डेनाइड एगफ्लाय नावाचं वेगळंच फुलपाखरू उठवतं. त्याच्या अंगात विष नसतं, अळी वाढते ती घोळीच्या भाजीवर, पण मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. ओळखायचं कसं? मागच्या पंखाच्या मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतील तर प्लेन टायगर. मध्यभाग मोकळा आणि ठिपका फक्त वरच्या कडेला एकच असेल तर ती एगफ्लायची मादी. तिचा नर तर पूर्ण काळा, पंखांवर मोठाले पांढरे ठिपके आणि त्यांच्या कडेने जांभळी झाक. हा फरक एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पकडला की पुढे प्रत्येक केशरी फुलपाखरापाशी पाय थांबतात.

अंगणातल्या लिंबावर आणि कढीपत्त्यावर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन. त्यांची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी होताना हिरवी होते. एरंडावर कॉमन कॅस्टर, बहाव्यावर कॉमन एमिग्रंट, टाकळ्यावर पिवळंधमक ग्रास यलो. तुरीच्या फुलांवर आणि शेंगांवर पी ब्लू. पाणथळीतल्या काटेरी तालीमखान्यावर पिकॉक पॅन्सी. आंबुशीवर अगदी जमिनीलगत उडणारं चिमुकलं पेल ग्रास ब्लू. आणि वाघाटीची वेल कुठे असेल तर ती जपाच, कारण पायोनियर तिच्यावर वाढतं. पांढऱ्या पंखांवर काळ्या शिरा असलेलं हे फुलपाखरू कोरड्या मुलखाचं खास. काही वर्षी ती शेकड्यांनी एकाच दिशेने जाताना दिसतात. तसं दिसलं तर दिशा, वेळ आणि पाच मिनिटांत किती गेली एवढं नक्की लिहा.

खुळखुळा उपटून बांधावर वाळत पडला असेल तर त्यावर टायगर आणि क्रो जातीच्या नरांची झुंबड उडते. वाळलेल्या भागातून ते एक रसायन शोषतात आणि मादीला आकर्षित करणारा गंध त्यातून तयार करतात. नाल्याकाठच्या ओल्या रेतीवरही असेच थवे बसतात, ते क्षारांसाठी. त्यातही बहुतेक नरच. अशा जागी अंगाची सावली त्यांच्यावर पडू न देता खाली बसून सरकत गेलं तर हातभर अंतरावरून पाहता येतं.

मोजायची रीत साधी आहे. सकाळी नऊ ते अकरा, ऊन असताना, ठरलेल्या वाटेने एका चालीने चाला. डावी-उजवीकडे अडीच-अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर, एवढ्या चौकटीतली फुलपाखरं मोजा. चौकटीबाहेर कितीही सुंदर काही दिसलं तरी ते मोजणीत धरू नका, खाली वेगळं लिहा. पंधरा दिवसांनी एकदा एवढं केलं तरी हंगामाचा चढउतार कागदावर दिसू लागतो. सप्टेंबर हा देशभर ‘बिग बटरफ्लाय मंथ’ म्हणून पाळला जातो, तेव्हा आपली नोंद तिथेही देता येते.

पाऊस संपला तरी बघणं सोडू नका. कॉमन इव्हनिंग ब्राऊनसारख्या जातींचं पावसाळी रूप पंखाखाली डोळ्यांसारख्या ठिपक्यांचं असतं आणि हिवाळी रूप जवळजवळ नुसत्या वाळक्या पानाचं. जात एक, पेहराव दोन. हिरवळीत ठिपके शत्रूला चकवतात, पाचोळ्यात पाचोळ्यासारखं दिसणंच कामी येतं.

तिसरा टप्पा: पक्षी

पक्ष्यांची नोंद खरं तर वर्षभर चालू राहते. मेअखेरीस पावशा ओरडायला लागतो, ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’. जूनमध्ये चातक येतो: काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. मान्सूनच्या वाऱ्यांबरोबर आफ्रिकेतून येणारा हा पाहुणा. दोघेही आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतात, त्यामुळे सातभाईंच्या थव्यामागे त्या दिवसांत लक्ष ठेवा. पहिला पावशा आणि पहिला चातक ज्या तारखेला ऐकलात ती तारीख वहीच्या मागच्या पानावर वेगळी मांडा. पाच वर्षांच्या तारखा एकाखाली एक आल्या की त्यांची किंमत कळते.

जुलैत विहिरीवर लोंबणाऱ्या बाभळीला सुगरणीची घरटी लागतात. विणतो तो नर. घरटं अर्धं झालं की मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच ते पूर्ण होतं, नाहीतर तसंच अर्धवट लोंबत राहतं. पूर्ण किती, अर्धी किती, दोन्ही मोजा.

हिवाळ्यात ज्वारी-दादर हुरड्याला आली की भोरड्यांचे थवे उतरतात. ओलिताच्या रानात धोबी शेपट्या हलवत फिरतात. तारेवर नीलपंख, कोतवाल, वेडा राघू आणि हवेत एका जागी पंख फडफडवत थांबणारी कापशी. नुकत्याच वखरलेल्या रानाकडे मात्र दुर्बिणीतून सावकाश नजर फिरवा. ढेकळांमध्ये धाविक आणि डोंबारी असे मिसळून जातात की ते हलल्याशिवाय दिसत नाहीत.

सकाळी सूर्योदयापासून दोन तास, उन्हाळ्यात तर पहिला एकच तास. उन्हाकडे पाठ करा. पक्षी दिसला की आधी पुस्तक उघडू नका, तो बसला आहे तोवर त्यालाच बघा. चिमणीपेक्षा मोठा की लहान, मैनेपेक्षा, कावळ्यापेक्षा? चोच कशी? शेपटी हलवतो का? जमिनीवर चालतो की उड्या मारतो? एवढं लिहून झालं की मग नाव शोधा. फोनवरचं मर्लिन ॲप आवाज ऐकून नाव सुचवतं. ती सूचना समजावी, निकाल नव्हे. पक्षी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते नाव वहीत चढवू नका.

पाण्यावरचे पक्षी पाहायला नोव्हेंबर ते फेब्रुवारीत एकदा हतनूरला जा. तापी आणि पूर्णा यांच्या पाण्यावरचं हे धरण आणि चांगदेवकडचा त्याचा फुगवटा बदकांसाठी प्रसिद्ध आहे. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या यांची ओळख तिथे एका सकाळीत होते. धुळ्याचा नकाणे तलाव, जळगावचा मेहरूण ही शहरातल्यांना जवळची ठिकाणं.

रानपिंगळा: खानदेशाची ठेव

याच्यासाठी वेगळी जागा हवीच. १८७३ मध्ये ॲलन ह्यूम या इंग्रज पक्षीअभ्यासकाने या घुबडाचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. १८८० च्या दशकात डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशातून काही नमुने मिळवले. १८८४ नंतर खात्रीची एकही नोंद नव्हती आणि पक्षी नामशेष झाला, असंच धरलं जात होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबॉट या पक्षीअभ्यासकांना तो शहाद्याजवळच्या सातपुड्यात जिवंत दिसला. त्यासाठी रासमुसेन यांनी आधी संग्रहालयांतले जुने नमुने तपासले होते. रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश संग्राहकाने १९१४ चा म्हणून दाखवलेला नमुना चोरलेला आणि खोट्या चिठ्ठीचा आहे, हे त्यातून उघड झालं. ती खोटी नोंद बाजूला सारली तेव्हाच शोध योग्य जागी सुरू झाला. एक खोटी चिठ्ठी शोधाची दिशा किती चुकवू शकते हे यातून दिसतं, म्हणूनच वहीत खात्रीचं तेच लिहा असं पुन्हा पुन्हा सांगतोय.

आज त्याच्या नोंदी तोरणमाळ, यावल, मेळघाट अशा सागाच्या कोरड्या जंगलांतून आहेत. शिवारातल्या साध्या पिंगळ्याशी त्याची गल्लत होते. फरक असा: साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. रानपिंगळ्याच्या छातीवर रुंद गडद पट्टा, पोट मात्र पांढरं स्वच्छ, शेपटीवर आणि पंखांवर ठळक आडवे पट्टे. साधा पिंगळा संध्याकाळी चिरकतो, रानपिंगळा भरदिवसा झाडाच्या शेंड्यावर बसून मऊ आवाजात बोलतो आणि उत्तेजित झाला की शेपटी झटकतो.

तो पाहायला जायचं तर वनखात्याची परवानगी आणि स्थानिक पावरा किंवा भिल्ल वाटाड्या, दोन्ही घ्या. फोनवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो खाणं-पिणं, पिल्लं सोडून धावत येतो. दिसला तर ठिकाण कुठेही जाहीर करू नका. हाच नियम शिवारातल्या प्रत्येक घरट्यालाही लावा.

वही कशी लिहायची

प्रत्येक फेरीला एक पान. वर तारीख, सुरू आणि संपल्याची वेळ, ढग-ऊन-वारा, मागचा पाऊस कधी झाला. खाली नोंद अशी:

‘१४ जुलै, सकाळी ६.३० ते ७.३५. ढगाळ, काल रात्री पाऊस. विहीर: सुगरण, पूर्ण घरटी ४, अर्धी ७. नाला: स्किटरिंग १२ च्या वर, भेकाची अंडी दोऱ्यांत. बांध: रुईवर प्लेन टायगर ३, अळी १. नीलपंख दिसला नाही.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. नेहमी दिसणारं काही दिसलं नाही तर तेही लिहायचं. आणि संख्या लिहा. ‘खूप’, ‘भरपूर’ यांचा पुढच्या वर्षी तुलनेला उपयोग होत नाही.

नावांसाठी तीन रकाने ठेवा: गावात म्हणतात ते, पुस्तकातलं मराठी, शास्त्रीय. पहिला रकाना आधी भरा. अहिराणी, लेवा बोली, पावरी, भिली यांत पाखरांना आणि झाडांना स्वतःची नावं आहेत आणि ती सांगणारी माणसं आता आजी-आजोबांच्या वयाची आहेत. दुपारी ओट्यावर बसून, फोटो दाखवून विचारा. जसं उच्चारतील तसंच लिहा, शुद्ध करायला जाऊ नका.

नोंद कुठे द्यायची

पक्ष्यांच्या याद्या ई-बर्ड या संकेतस्थळावर, बेडूक-फुलपाखरांचे फोटो आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर चढवता येतात. तिथे जाणकार ओळख दुरुस्त करतात. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो आणि फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातल्या पक्ष्यांची मोजणी होते. गावच्या शाळेला सोबत घ्यायला हे दोन्ही मुहूर्त चांगले.

पण सर्वांत उपयोगाची जागा गावातच आहे. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) ती मागा आणि वाचा. कित्येकदा त्यात पक्ष्यांची चार ठरावीक नावं असतात आणि बेडकांचं पान कोरं असतं. आपल्या वहीतल्या वर्षभराच्या नोंदी तारीख-जागेसह स्वच्छ उतरवा, नकाशा जोडा, समितीला लेखी अर्जाने द्या आणि पोच घ्या. नाला बुजवायचा, गावठाणातली चिंच तोडायची किंवा पाझर तलावाचा काठ सपाट करायचा विषय ग्रामसभेत आला, तर ‘इथे बेडकं असतात’ असं तोंडी म्हणण्यापेक्षा नोंदवहीतलं पान पुढे ठेवता येतं. अर्जाची एक प्रत स्वतःकडे ठेवा, आणि दर वर्षी मृगाआधी मागच्या वर्षाच्या नोंदींची भर घाला.